ओराप्रनोबी, ‘आम्हांसाठी विनंती कर’ आणि ‘प्रे फॉर अस’

बावखल

गेल्या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) संपताना आमच्या फादरांनी एक सूचना वाचली. पुढच्या महिन्यापासून साडेआठची मिस्सा इंग्रजीत होईल, सहाची आणि सातची मराठीतच राहील. कारण सांगितलं, ‘मुलांना समजायला हवं.’ साडेआठची म्हणजे धर्मशिक्षणाच्या पोरांची मिस्सा. कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. घरी येऊन चहा पुढ्यात आला तेव्हा कुठे ते बोचायला लागलं, म्हणून हा धागा.

आम्ही वसईचे, कुपारी समाजाचे. घरात कादोडी बोलतो, म्हणजे सामवेदी बोली. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि आमच्यातले बरेच जण ख्रिस्ती झाले. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, आम्ही राहिलो. वाड्या त्याच, विहिरी त्याच. चर्चला आजी मरेपर्यंत ‘देऊळ’च म्हणायची.

ही आजी १९१५ च्या आसपासची. लाल लुगडं, अक्षराशी कधी गाठ पडली नाही, पण संध्याकाळची घंटा झाली की घरातल्या क्रुसासमोर गुडघे टेकायचे आणि रोजरीनंतर अख्खी लितानी, म्हणजे मारियेला एकेका नावाने हाक मारणारी प्रार्थना, लॅटिनमध्ये तोंडपाठ म्हणायची. आम्ही पोरं झोपेने डुलत एवढंच म्हणायचो: ओराप्रनोबी. ओरा, प्रो, नोबिस असे ते तीन शब्द आहेत, ‘आम्हांसाठी विनंती कर’, हे मला कॉलेजात कळलं. ‘तुरीस एबुर्न्या’ आलं की धाकटा भाऊ हमखास हसायचा, त्याला ते तुरीच्या डाळीचं काहीतरी वाटायचं. आजी न थांबता त्याच्या पाठीत एक धपाटा घालायची आणि पुढच्या ओळीवर जायची. लय तुटायची नाही!

तिच्या तरुणपणी देवळात फादरांची पाठ लोकांकडे असायची. काय चाललंय ते घंटीवरून ओळखायचं. मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता कम्युनियन (पवित्र भाकर) घ्यायचं, तेही कठड्याशी गुडघ्यावर, जिभेवर. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. तिला मिस्सेतलं अक्षर कळत नव्हतं आणि तिने एकही मिस्सा चुकवली नाही.

१९६३ च्या डिसेंबरात व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेला दार उघडलं. पुढच्याच वर्षी मुंबईत जागतिक युखरिस्ट काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचा मोठा मेळावा, भरली. सहावे पॉल आले. पोपचे पाय भारताला प्रथमच लागले ते तेव्हा. माझे बाबा बावीस वर्षांचे होते. गावातली पंधरा-वीस पोरं पहाटेच्या लोकलने निघून ओव्हल मैदानावर गेली. बाबांना दिसला तो एक पांढरा ठिपका. त्या ठिपक्याचं वर्णन त्यांनी पुढे पन्नास वर्षं केलं आणि दर वर्षी तो थोडा जवळ येत गेला.

मग वेदी लोकांकडे वळली, मराठी आली. आणि इथे गंमत आहे. आज आम्ही ‘मराठी मिस्सा ही आपल्या वाडवडलांची परंपरा’ म्हणून छाती पुढे काढतो, पण वाडवडलांना ती नको होती. आजोबा म्हणायचे, ‘हे काय, देवळात पेटी आणि टाळ? ते हिंदूंच्या भजनात.’ जन्मभर चर्चला देऊळ म्हणणारा माणूस देवळात टाळ नको म्हणत होता. लितानीचं भाषांतर आलं तेव्हा आजीला पहिल्यांदा कळलं की ‘तुरीस एबुर्न्या’ म्हणजे हस्तिदंती मनोरा. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, ‘एवढी वर्षं मी मारियेला मनोरा म्हणत होते होय!’ त्यानंतर ती मराठी लितानीला बसायची, पण एकटी असली की लॅटिनच.

बाबांच्या पिढीने ही मराठी घडवली. गायन मंडळं उभी राहिली. घरात ‘सुवार्ता’ यायचं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ संपादक होते आणि बाबा मासिक शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करायचे. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आजी त्याच वर्षी गेली. पहिले बिशप थॉमस डाबरे. त्यांनी डॉक्टरेट केली ती तुकारामांवर. आमच्या आजोबांना टाळ नको होते आणि तीस वर्षांत वसईला तुकारामांचा अभ्यासक बिशप मिळाला. एवढा पल्ला आम्ही चाललो.

आता माझी मुलगी. इंग्रजी माध्यम, देवनागरी अडखळत वाचते. मराठी मिस्सेत ती आजीसारखीच बसते, म्हणजे बरंचसं न कळता. फरक इतकाच की आजीला त्याचं काही वाटत नव्हतं, हिला कंटाळा येतो.

मी मराठी मिस्सा वाचवा अशी मोहीम काढायला आलेलो नाही. मुलीला मराठी शाळेत मीच घातलं नाही, फादरांनी नाही. पण प्रश्न विचारतो. तुमच्या घरात जपाची, सणाची, ‘लोकांसमोरची’ प्रार्थना कोणती ते सोडा. कुणी आयसीयूत असतं आणि बाहेरच्या बाकड्यावर तुम्ही एकटे बसलेले असता, तेव्हा तोंडातून जे निघतं ते कोणत्या भाषेत असतं?

---

खोचक_नाना

सुंदर लिहिलंय. एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही ख्रिस्ती असून इतकं चांगलं मराठी कसं काय लिहिता?

---

बावखल

नाना, तुम्ही हिंदू असून इतकं चांगलं कसं लिहिता?

हा प्रश्न मला आठवीपासून विचारला जातोय, त्यामुळे राग वगैरे नाही. २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर दिब्रिटोंची निवड झाली तेव्हा ज्यांनी विरोध केला, त्यांनाही बहुधा हाच प्रश्न पडला होता, फक्त त्यांनी तो इतक्या सौम्यपणे विचारला नाही. ज्या माणसाने अख्खं बायबल सुबोध मराठीत आणलं, ज्याला त्यासाठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, त्याने मराठीपण कुठे सिद्ध करायचं राहिलं होतं? २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले तेव्हा गावात जे रडले त्यांत निम्मे तरी त्यांच्या धर्माचे नव्हते.

---

खोचक_नाना

चूक कबूल. कान पकडले.

फादर स्टीफन्स आठवले:
‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा । कीं रत्नांमाजी हिरा निळा । तैसी भासांमाजी चोखळा । भासा मराठी ॥’
एका इंग्रज जेझुइटाने हे ‘ख्रिस्तपुराणा’त लिहिलं, १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं. आम्ही शाळेत पाठ केलं आणि पुढे विसरलो की ती ओवी येशूच्या चरित्रातली आहे.

---

रविवारची_शाळा

मी एकवीस वर्षं धर्मशिक्षण शिकवते, म्हणून दुसरी बाजू मांडते.

माझ्या वर्गात चौतीस मुलं. देवनागरी सफाईने वाचणारी पाच. त्यांना मराठी वाचन दिलं की चर्चमध्ये उभं राहून घाम फुटतो, आईबाप खालून ओठ हलवतात. मागच्या वर्षी मी पहिल्या कम्युनियनच्या मुलांना मराठी प्रार्थना रोमन लिपीत टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवल्या. पटापट पाठ झाल्या. एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला चर्चच्या पायरीवर गाठून विचारलं, ‘टीचर, हे तुम्ही काय चालवलंय, मराठीचा खून?’

खून बिन काही नाही हो. मुलांच्या तोंडात मराठी आली ना? डोळ्यांना जी लिपी येते तिच्यातून आली.

इंग्रजी मिस्सेच्या मी विरोधात नाही. पण अनुभव सांगते: इंग्रजी मिस्सेत मुलं उत्तरं देतात, प्रवचनात हसतात, सगळं ठीक, आणि घरी जाऊन आजीला काय ऐकलं ते सांगू शकत नाहीत. मराठी मिस्सेतून आलेली मुलं आजीला काहीतरी चुकीचं सांगतात आणि आजी ते दुरुस्त करते. मला वाटतं दुसऱ्या प्रकारात धर्मशिक्षण जास्त होतं.

---

खोचक_नाना

टीचर, त्या गृहस्थांना सांगा, ख्रिस्तपुराणही रोमन लिपीतच छापलं होतं. १६१६, १६४९, १६५४, तिन्ही आवृत्त्या. देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. तुमचं व्हॉट्सॲप ही चौथी आवृत्ती समजा.

---

रविवारची_शाळा

हे मी छापून चर्चच्या फळ्यावर लावणार आहे!

---

लादीनकार

गोव्याहून लिहितोय, मराठी थोडं कोंकणी वळणाचं येईल, समजून घ्या.

बावखल, तुमच्या आजीची लॅटिन लितानी आमच्याकडे अजून जिवंत आहे. आम्ही तिला लादीन म्हणतो. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) संध्याकाळी सगळे जमतात, कुणीतरी व्हायोलिन आणतो, म्हातारे दोन-तीन सुरांत लॅटिन गातात. अर्थ कुणाला माहीत? नाही. पण ‘ओरा प्रो नोबिस’ला अख्खा वाडा सूर लावतो, दारूच्या दुकानात बसलेला माणूससुद्धा तिथूनच लावतो. मग उकडलेले चणे आणि मोठ्यांना थोडी फेणी. आमच्याकडे मिस्सा कोंकणीत झाली, पण लादीन लॅटिनमध्येच राहिली, कारण मिस्सा फादराची असते, लादीन वाड्याची.

एक गोष्ट मात्र बोलून टाकतो. तुम्ही लोक स्टीफन्सची ओवी म्हणून दाखवता तेव्हा गोव्यातल्या कॅथलिकाला आनंदही होतो आणि थोडं टोचतंही. त्याच पोर्तुगीज राज्याने पुढे १६८४ मध्ये लोकांची भाषा बंद करण्याचा हुकूम काढला. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, १५६० ते १८१२. पुराणं लपवून ठेवलेल्या घरांचे आम्ही वारस. भाषेवर प्रेम करणारा पाद्री आणि भाषा जाळणारा कारभार एकाच बोटीने आले.

---

उत्तनची_होडी

चणे! 😀 आमच्याकडेपण क्रुसाच्या लितानीला चणेच. आम्ही उत्तनचे कोळी. लहानपणी लितानीला जायचो ते भक्तीने नव्हे, चण्यासाठी. फ्रॉकचा ओचा करून घ्यायचो आणि दोनदा रांगेत उभं राहायचो.

आमची मिस्सा मराठीत, गाणी मराठीत, बोट समुद्रात घालताना फादर येऊन आशीर्वाद देतात तेही मराठीत. साडेआठची इंग्रजी वगैरे भानगड अजून आली नाही. येईल.

आयसीयूच्या बाकड्याचं विचारलंत म्हणून सांगते. माझा नवरा वादळात दोन रात्री बाहेर होता. मी ‘प्रभूची प्रार्थना’ वगैरे काही म्हटलं नाही. ‘मोतमाउली, बाय गो, बघ गो’ एवढंच रात्रभर. ही कोणती भाषा ते तुम्ही ठरवा.

---

नगरी_दगड

सगळ्यांचं वाचतोय. छान चाललंय. पण तुमच्या आठवणीतलं चर्च आणि आमचं चर्च एक नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

मी श्रीरामपूरकडचा कॅथलिक. आमच्याकडे पोर्तुगीज आले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन भाषा बोलणारे जेझुइट आले, आणि आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो गावकुसाबाहेर. लॅटिन गेल्याचं दुःख आम्हाला नाही. फादर वेदीवर काय पुटपुटायचे ते पुटपुटत, आमचं चालायचं ते मिस्सेच्या बाहेर, चावडीत, ढोलकी-टाळावर. पणजोबा तुणतुणं वाजवायचे. येशूच्या जन्माचं भजन ज्या चालीवर म्हणायचे ती चाल ऐकून तुमच्या आजोबांनी कानांत बोळे घातले असते.

हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला या एकदा सप्टेंबरात. वांद्र्याची मोतमाउली आणि आमची मतमाउली, सणही जवळजवळ एकाच आठवड्यात. बैलगाड्या कमी झाल्या, टेंपो आले, पण पायी येणारे अजून येतात. नवस फेडायला येणाऱ्यांत हिंदू, मुसलमान सगळे. तिथे भाषेचा प्रश्न कुणी काढत नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला बांधला. शिखांना १९५६ मध्ये, बौद्धांना १९९० मध्ये त्यात घेतलं, आम्ही बाहेरच. धर्म बदलला म्हणून जात गेली, असं सरकारचं म्हणणं. गेली म्हणता? आमच्या गावच्या पाटलाला विचारा. आणि राग येणार असेल तर येऊ द्या, चर्चमध्येही विचारा. माझ्या लहानपणी वसईहून, मंगळूरहून आलेले काही धर्मगुरू आमच्याविषयी बोलताना ‘मिशनमधले लोक’ म्हणायचे. म्हणजे ते धर्मग्रामातले (पॅरिशमधले) आणि आम्ही मिशनमधले. मिस्सा एकच, वाडगी दोन.

सगळेच तसे नव्हते. फादर बाखर स्वित्झर्लंडहून आले आणि नगर जिल्ह्यातल्या बोडक्या टेकड्यांवर पाणलोटाचं काम उभं करत राहिले. त्यांनी आम्हाला प्रार्थना शिकवल्या का, मला आठवत नाही. माथ्यापासून पायथ्याकडे काम करत यायचं, वर पाणी अडवलं नाही तर खाली बांध घालून उपयोग नाही, हे त्यांच्या माणसांनी वडिलांना शिकवलं. ते आमच्या विहिरीत दिसतं.

---

बावखल

नगरी, राग कशाचा. खरं आहे ते.

उलट आमचं घरचंच सांगतो. वसईत कुपारी, वाडवळ, कोळी, सगळे एकाच कठड्याशी कम्युनियन घ्यायचे आणि सोयरीक म्हटली की आपापल्या वाटेने जायचे. माझ्या आत्याने वाडवळांतला मुलगा निवडला, दोघंही कॅथलिक, एकाच चर्चचे, तरी लग्नाला आजोबा आले नाहीत. पुढे पाच वर्षं बोलले नाहीत. ज्या दिवशी बोलले तो दिवस आत्याच्या पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याचा नव्हता, दुसऱ्याच्या होता. पोर्तुगीजांनी धर्म दिला, सोयरीक-संबंधांत ढवळाढवळ करायला ते थांबले नाहीत.

‘मिशनमधले’ हा शब्द मीही ऐकलाय. वापरलाही असेल.

---

निर्मळची_मंजू

मी ख्रिस्ती नाही, पण हा धागा माझ्याही गावचा आहे. निर्मळला शंकराचार्यांचं देऊळ आणि चर्च, दोन्ही. कार्तिकातल्या यात्रेला ख्रिस्ती मैत्रिणी बांगड्या घ्यायला आमच्याआधी हजर, आणि नाताळात आम्ही त्यांच्या गोठ्याला. शाळेत आम्ही सगळ्या मराठी माध्यमात होतो, बाकावर शेजारी. आता माझी आणि तिची मुलं वेगवेगळ्या इंग्रजी शाळांत जातात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. मिस्सेचं माहीत नाही, पण बाक गेला.

अवांतर: १९८८-८९ च्या सुमाराची हरित वसईची चळवळ कुणाला आठवते का? वाड्यांवर इमारती येणार, पाणी टँकरने जाणार, म्हणून लोक रस्त्यावर आले होते. माझे वडील फादर दिब्रिटोंच्या सभांना जायचे. एका सभेहून आले आणि म्हणाले, ‘हा पाद्री पाण्याविषयी बोलतो, देवाविषयी काहीच बोलला नाही.’ आई म्हणाली, ‘मग दुसरं काय बोलला?’

---

पांढरा_पडदा

मंजूताई +१. आणि बावखल हे नाव घेतलंय म्हणून विचारतो, गावात बावखलं, म्हणजे वाडीतली पाण्याची तळी, किती उरलीत? आमच्या आळीतलं बुजवून त्यावर पार्किंग झालंय. मालक कॅथलिक, बिल्डर कॅथलिक, आशीर्वाद द्यायला आले तेही अर्थात.

---

बावखल

आमच्या आळीत एक उरलंय. त्यात पाण्यापेक्षा प्लास्टिक जास्त. आयडी घेतला तेव्हा स्वच्छ होतं.

---

वेदीपाशी

मला एक वेगळं मांडायचंय. तुम्ही सगळे भाषेबद्दल बोलताय, पण दशकादशकांत बदललं ते अजून एक आहे, वेदीपाशी कोण उभं राहतं.

१९९४ मध्ये रोमने मुलींनाही वेदीसेवक व्हायला मोकळीक दिली. आमच्या धर्मग्रामात पहिल्या तीन मुलींत मी होते. पहिल्या दिवशी घंटी वाजवताना हात थरथरत होता. मागच्या बाकावरून एका बाईचा आवाज आला, ‘ही मेणबत्ती पाडणार.’ पाडली नाही. दोन वर्षांनी तिचीच नात माझ्या शेजारी उभी होती.

पवित्र गुरुवारी फादर ज्यांचे पाय धुतात ते बारा जण कायम पुरुष असायचे. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियमच बदलला, स्त्रियाही चालतील. आमच्याकडे त्या वर्षी माझ्या सासूला बोलावलं. ती आधी नाही म्हणाली. कारण काय? तर ‘माझ्या टाचा भेगाळल्यात.’ सत्तर वर्षं वाडीत अनवाणी राबलेली बाई. शेवटी गेली. फादरांनी पाय हातात घेतले तेव्हा तिने मान वळवली. घरी येऊन तासभर काहीच बोलली नाही, मग म्हणाली, ‘पाणी कोमट होतं.’

चर्चची कापडं धुणं, फुलं, झाडलोट, रोजरीला घरोघर बोलावणं, हे सगळं बायकांकडे. पैशांची बैठक असली की खुर्च्या आपोआप पुरुषांच्या बाजूला सरकतात. हे मी आमच्याकडचं सांगतेय, तुमच्याकडे वेगळं असेल तर आनंदच.

---

रविवारची_शाळा

वेगळं नाही.

---

बर्फातला_वसईकर

कॅनडातून. इथे मी मिस्सेला जातो ती इंग्रजीत, फादर नायजेरियाचे, शेजारी फिलिपिनो, पुढे पोर्तुगीज म्हातारी. ती मला एकदा म्हणाली, तुझं आडनाव आमचं आहे. मी म्हटलं, हो, चार-पाचशे वर्षं वापरतोय, परत देणार नाही.

वर्षातून एकदा नाताळाच्या आसपास आम्ही काही कुटुंबं एका हॉलमध्ये मराठी मिस्सा ठरवतो. कुणी सुट्टीवर आलेले वसईचे फादर मिळाले तर. गाणी मोबाइलवर बघून म्हणतो, निम्मी पोरं बाहेर बर्फात. तरी पहिली ओळ सुरू झाली की बायका रडतात. मी नाही, मी पुरुष आहे, मी चष्मा पुसतो.

२०२० च्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिस पावसात रिकाम्या चौकात एकटेच उभे राहून प्रार्थना करत होते, ते आम्ही इथे टीव्हीवर पाहिलं. त्याच महिन्यात आई वसईत गेली. मला येता आलं नाही. मातीच्या वेळी भावाने फोन धरला होता. फादर मराठीत म्हणत होते, मास्कमुळे अर्धं कळत नव्हतं. मी इकडे किचनमध्ये उभा राहून उत्तरं देत होतो. बावखल, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. मला इंग्रजी उत्तरं वीस वर्षं पाठ आहेत. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

---

खोचक_नाना

...

(काही लिहायला सुचत नाही, फक्त वाचलं हे सांगायला.)

---

नगरी_दगड

वसईकर, आईला शांती लाभो.

---

कादोडी_का_नाही

मूळ लेखात एक ओळ बावखलने हळूच टाकली आणि सगळे तिच्यावरून पुढे गेले. ‘घरात कादोडी बोलतो.’ मग मराठी मिस्सासुद्धा आमच्या आज्यांसाठी एका अर्थाने परक्याच भाषेत होती ना? पुस्तकी मराठी, पुण्याच्या वळणाची. ‘कृपापूर्णे’ असं आमच्या ओसरीवर कोण बोलतं? लॅटिन गेलं, मराठी आली, आता इंग्रजी येतेय, आणि जी बोली आम्ही जन्मल्यापासून बोलतो ती वेदीपर्यंत कधी पोचलीच नाही. तिच्यासाठी कुणी रडत नाही.

---

बावखल

हा घाव बरोबर बसला. माझ्याकडे उत्तर नाही, एक किस्सा आहे.

आजी पापनिवेदनाला कादोडीतच बोलायची, दुसरं येतच नव्हतं. मध्यंतरी फादर होते गोव्याकडचे. बाबांनी विचारलं, ‘आई, त्यांना तुझं काय कळतं?’ आजी म्हणाली, ‘त्यांना कळून काय करायचंय? ते खिडकी आहेत.’ म्हणजे तेवढ्या एका लाकडी जाळीआड कादोडी पोचली होती. मायक्रोफोनपर्यंत नाही. आमच्याकडे नाताळात एखादं कादोडी गाणं होतं, तेही मिस्सा संपल्यावर, अंगणात.

---

लादीनकार

अंगणातलं टिकतं. खुरसाकडची लादीन बघा.

---

उत्तनची_होडी

बावखल, धाकट्या भावाची ती तुरीची ओळ मला पूर्ण हवी. आमच्या आजीची वेगळी होती, ‘तुरी शेबूर’ असं काहीतरी म्हणायची. जुळवून बघते.

---

बावखल

आत्याला काल फोन केला. तीच, वाडवळांत गेलेली, आता अठ्ठ्याऐंशी. म्हटलं, आत्या, लितानी म्हण गं थोडी, लिहून घ्यायचीय. ती म्हणाली, लिहून काय घ्यायची, म्हणायची असते. आणि सुरूच झाली. मी पेन घेऊन बसलो होतो, तीन ओळी लिहिल्या: ‘तुरीस दाविदी, तुरीस एबुर्न्या, दोमुसावरे’. चौथीला तिने मध्येच थांबून विचारलं, ‘तू उत्तर का देत नाहीस?’

मुलगी शेजारी अभ्यास करत होती. स्पीकर चालू होता. पाच-सहा वेळा ऐकून तिने वहीतून डोकं न काढता म्हटलं, ओराप्रनोबी.

आत्याने विचारलं, कोण आहे रे ती?

होडी, तुझ्या ‘तुरी शेबूर’चं आत्याला सांगितलं. म्हणाली, उत्तनवाल्यांचं चुकतं.

---

उत्तनची_होडी

आत्याला सांगा, चणे घेऊन येते, समोरासमोर ठरवू.